मिरचीचा ट्रक आणि सीनियर थर्मोस्टॅट

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. उद्यावर टाकलं तर निम्मं विसरेन. अक्षर लागलं नाही तर माफ करा, हात डोक्याच्या पुढे पळतोय.

झालं असं. फौजेतून सुटून मला सहा महिने झालेत. नंदुरबारात एका मोटार वर्कशॉपात काम करतो. आज सकाळी गफूरचाचा आले. गफूरचाचा म्हणजे कल्हईवाले, आणि माझा फौजेतला दोस्त युसुफ, त्याचे वडील. बाकावर एक पितळेची डबी पडली होती, पेढ्याएवढी. त्यांनी ती उचलली, भिंगातून बघितल्यासारखी डोळ्याजवळ धरली आणि विचारलं, "उत्तम, युसुफ सांगे ती डबी हाईच का?"

मी म्हटलं, हीच. थर्मोस्टॅट.

"मंग सांग ना सगळं. त्यानी अर्धंच सांगं व्हतं. हासता हासता पुढे जायेच ना त्याले."

मग मी सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

लढाईची सालं. आमची पार्टी भरतीच्या ड्युटीवर पश्चिम खानदेशात आलेली. चार माणसं आणि एक पंधरा हंड्रेडवेटचा, म्हणजे पाऊण टन माल नेणारा छोटा ट्रक. कॅप्टन साहेब इंग्रज, उंच, लालबुंद, बोलायचे फौजी हिंदुस्तानी. हवालदार शिर्के साताऱ्याकडचे, मिशी इस्त्री केल्यासारखी. लान्स नाईक युसुफ ड्रायव्हर-मेकॅनिक, नंदुरबारचा. आणि मी, सेकंड ड्रायव्हर, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरचा. इकडची भाषा येते, इकडचे रस्ते माहीत आहेत, म्हणून आम्हा दोघांना लावलेलं.

काम साधं. सकाळी फॉल-इनला रांगेत हजेरी, गाडीचं पाणी-तेल-हवा तपासायचं, हाटाच्या गावी जायचं, पोस्टर लावायचं, फौजेचं सामान लोकांना दाखवायचं. सामान म्हणजे एक तंबू, एक हेल्मेट आणि तीन गॅस मास्क. लोक हेल्मेट बघून म्हणायचे, चांगलं शे, पानी काढाले कामी येई. संध्याकाळी परत.

ट्रक मात्र आजारी होता. धुळ्याहून येतानाच तीनदा उकळला. इंजिनाच्या डोक्यावर, जिथून गरम पाणी रेडिएटरकडे निघतं, तिथल्या वाकड्या नळीत, आम्ही तिला कोपर म्हणतो, थर्मोस्टॅट बसतो. इंजिन गार असेल तर दार लावून बसतो, म्हणजे इंजिन पटकन तापतं. पुरेसं तापलं की दार उघडतो आणि पाणी गार व्हायला रेडिएटरमध्ये जातं. आमच्या ट्रकचा थर्मोस्टॅट अडकला होता. दार लावून बसला तो बसलाच. वर रेडिएटरला खालून बारीक गळती.

तिसऱ्यांदा उकळला तेव्हा कॅप्टन साहेबांनी घड्याळ बघितलं, मग युसुफकडे बघितलं. म्हणाले, मोलगीच्या हाटाला वेळेवर पोहोचायचं. आणखी एकदा उकळला तर युसुफ खेचर कंपनीत.

एवढंच. आवाज चढवला नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

तुम्हाला वाटेल खेचर म्हणजे काय मोठंसं. पण युसुफ लहानपणापासून पितळ, कथील, शिसं यांच्यात वाढलेला. चार पायांचं काही जवळ आलं की तो भिंतीला चिकटायचा. आमच्या गावी आला तेव्हा आमच्या बैलांना त्याने लांबून सलाम केला होता. शिवाय खेचर कंपनी वेगळी, तिचा कॅम्प वेगळा. म्हणजे आमची जोडी फुटली. भरतीच्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवत होतो. त्या रात्री युसुफ जेवलाच नाही. नुसता म्हणाला, "उत्तम, खेचर मांगून लाथ मारस का पुढून?"

मी म्हटलं, "दोन्हीकून."

तो पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपला.

मुक्काम नंदुरबारात होता. तिथे डेपोकडून सामान आलं. त्यात एक नाही, दोन थर्मोस्टॅट. दिसायला सख्खे भाऊ. फक्त एकाच्या काठावर १६० कोरलेलं, दुसऱ्याच्या काठावर १८०. म्हणजे किती डिग्री फॅरनहाइटला दार उघडणार ते. गार मुलखात उशिरा उघडणारा बरा. आपल्याकडे जुना रेडिएटर, उभा घाट आणि डोक्यावर ऊन असेल तर लवकर उघडणारा बरा. युसुफला हे माहीत होतं. मलाही होतं. पण डेपोवर विश्वास ठेवायचा नसतो. नवा माल आधी तपासायचा.

तर मोटार स्टँडजवळच्या चहावाल्या गणपतदादाकडे आम्ही एक पातेलं मागितलं. पाणी भरलं, दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून आत सोडले, बुडाला टेकू नयेत असे. थर्मामीटर नव्हता. बघायचं एवढंच, की कोण कधी तोंड उघडतो.

हां हां म्हणता गर्दी जमली. मिरचीबाजारातले हमाल, दोन गाडीवाले, एक मारवाडी. मिलिटरी काहीतरी शिजवतेय ही बातमी स्टँडच्या पार पलीकडे गेली. एकाने दुसऱ्याला समजावलं, फौजेत असंच खातात, म्हणून दात पक्के राहतात. गणपतदादाला वेगळीच काळजी. या पातेल्यातला चहा आता कोण पिणार. दर मिनिटाला येऊन वाकून विचारायचा, "शिजनं का साहेब?"

बुडाला बारीक बुडबुडे धरले, वाफ जरा दाट झाली, आणि १६० ने तोंड उघडलं. गर्दीतून "वाह" आलं. १८० ढिम्म. पाणी चांगलं थरथरायला लागलं तेव्हा कुठे तो उघडला. दोन्ही चांगले. आता निवडायचं. युसुफने १६० उचलला.

तेवढ्यात हवालदार शिर्के आले. दोन्ही थर्मोस्टॅट हातात घेऊन बघितले. काठावरचे आकडे वाचले.

"नंबर मोठा कुनाचा?"

"याचा, हवालदार साहेब. एकशेऐंशी. पण हा उशिरा उघडतो," मी म्हटलं.

"म्हंजे ह्यो सीनियर."

"तसं नसतं, हवालदार साहेब."

"सीनियर हजर असताना ज्युनियर पुढं घालायचा नसतो. ह्योच बसवायचा. दुसरा रिझर्व."

 युसुफने टाचा जुळवल्या, "जी हवालदार साहेब," आणि सीनियर थर्मोस्टॅट बसवला.

राहिली गळती. शिशाचा डाग द्यायला रेडिएटर उतरवावा लागला असता, तेवढा वेळ नव्हता. संध्याकाळी युसुफ गायब झाला आणि कागदाच्या पुड्यात काहीतरी घेऊन आला. नंदुरबारात हिवाळ्यात गावाबाहेर बघाल तिकडे मिरचीच्या पथाऱ्या, लाल सतरंज्या अंथरल्यासारख्या. इथल्या माणसाला कशावरही उपाय विचारा, हात मिरचीकडेच जातो. इतर मुलखातले ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात, पीठ टाकतात, असं मी ऐकलं होतं. युसुफने मिरचीची पूड टाकली. जाडीभरडी, बियांसकट.

मी म्हटलं, वेडा झालास का.

"तू चूप बस. नंदुरबारनी मिरची शे. पानी लागनं का फुगस, आनि भोकमा जाईसन बसस."

आणि खरंच बसली. इंजिन चालू करून बघितलं, गळती बंद. खालची माती कोरडी. युसुफ त्या कोरड्या मातीकडे असा बघत होता, जसा ईदचा चंद्र दिसलाय. त्या रात्री तो जेवला.

सकाळी निघालो. तापी उतरलो, तळोद्याला चहा घेतला, पुढे जंगलखात्याने लाकडं उतरवायला काढलेला कच्चा रस्ता. कॅप्टन साहेब पुढे युसुफशेजारी. शिर्के आणि मी मागे, सामानावर. सगळं ठीक. घाट सुरू झाला. हाटाला निघालेले डोंगरातले लोक एकामागे एक चालत होते. एक म्हातारी होती, डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडी. तिला ओलांडून आम्ही पुढे गेलो तेव्हा कोंबडीनेही मान वळवून बघितलं.

दुसऱ्या वळणावर ट्रक थांबवावा लागला. वाफ. म्हातारी शांतपणे आम्हाला ओलांडून गेली.

जरा गार होऊ दिलं, निघालो, म्हातारीला गाठलं. चौथ्या वळणावर पुन्हा वाफ. म्हातारी पुन्हा पुढे. या वेळी ती काहीतरी बोलली. युसुफला हाटामुळे भिलांची बोली थोडी यायची. म्हणाला, विचारतेय, आजारी कोण, साहेब की गाडी.

तिसऱ्यांदा मात्र चांगलाच उकळला. बॉनेटमधून शिट्टीसारखा आवाज. कॅप्टन साहेब खाली उतरले. चेहरा आधीच लाल, आता वांग्याच्या रंगावर गेलेला. युसुफ धावला.

"साहब, अभी नहीं. ठंडा होने दो."

"ढक्कन खोलो."

"साहब..."

"ये ऑर्डर है."

युसुफने हातावर पोतं गुंडाळलं, मान बाजूला वळवली, डोळे मिटले आणि ढक्कन फिरवलं.

जे बाहेर आलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. नुसती वाफ नव्हती. लाल झाक असलेला ढग होता, आणि तो सरळ कॅप्टन साहेबांच्या तोंडावर गेला. मग शिर्क्यांच्या. मग वाऱ्याने वळून माझ्याकडे. घशात कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांतून धारा. शिर्क्यांची मिशी कधी नव्हे ती खाली आली. शिंका, खोकला, कोण कुठे आहे काही कळेना. आणि त्या सगळ्यात कॅप्टन साहेबांचा आवाज, ट्रेनिंगमध्ये शिकवतात अगदी तसा, "गॅस! गॅस! गॅस!"

ऑर्डर म्हणजे ऑर्डर. शिर्के आंधळ्यासारखे चाचपडत ट्रकमध्ये चढले आणि दाखवायचे तीन गॅस मास्क काढले. माणसं चार. शिर्क्यांनी रँकप्रमाणे वाटप केलं. एक साहेबांना, एक स्वतःला, तिसरा लान्स नाईकला. मी शिपाई, मला काही नाही. युसुफने दोन श्वास घेतले, मास्क काढून माझ्या तोंडावर दाबला, दोन श्वास मोजले, परत स्वतःला लावला. असे आम्ही घाटात उभे. डोळ्यांच्या जागी काचा, नाकाच्या जागी सोंड, आणि एक ट्रक लाल वाफ सोडतोय.

नेमकी तेव्हा ती म्हातारी आली. वाटेत पाणी प्यायला ओढ्यात उतरली होती, म्हणून मागे पडलेली. आमच्याकडे तिने नीट बघून घेतलं. घाबरली बिबरली नाही. टोपलीवरचं फडकं ओढून कोंबडीचं तोंड तेवढं झाकलं आणि वळसा घालून पुढे गेली.

ढग निवळला. कॅप्टन साहेबांनी मास्क काढला. ढक्कनाला लागलेला लाल चोथा बोटाने उचलला, हुंगला, आणि त्यांना कळलं. मेसमध्ये रोज तेच जेवत होते ना.

"क्या डाला इसमें?"

युसुफ सावधान. डोळे सुजलेले, नाक वाहतंय. "लीक बंद किया, साहब. लोकल पॅटर्न."

साहेब पुढे आले. गुडघ्यावर बसून रेडिएटरच्या खाली बघितलं. कोरडं ठणठणीत. उठले, आणि घड्याळ बघितलं. हाट उठायच्या आत मोलगी, एवढंच म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत. ते आम्हा दोघांना पाठ होतं.

कामाला लागलो. कोपराचे दोन नट काढले, थर्मोस्टॅट उपसला. सीनियर साहेबांच्या तोंडात मिरचीची सालं आणि बिया गच्च. दार जेमतेम नखाएवढं उघडलेलं. उशिरा उघडणारा गडी, आणि उघडताना तोंडात तोबरा. युसुफ म्हणाला, थर्मोस्टॅट नकोच, रिकामंच चालवू. शिर्के म्हणाले, ड्युटीवरचा शिपाई गैरहजर ठेवून गाडी हलणार नाही. खरं म्हणजे रिकामं चालवलं तर डोंगरातल्या थंडीत इंजिन तापतच नाही आणि पेट्रोल पीत सुटतं. पेट्रोल रेशनचं. म्हणून बसवायचाच होता. फक्त कुठला, एवढाच प्रश्न. आम्ही दोघेही शिर्क्यांकडे बघत राहिलो.

शिर्क्यांनी १८० हातात घेतला. बोटाने त्यातली सालं काढायचा प्रयत्न केला, ते बोट चुकून डोळ्याला लागलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "सीनियर जखमी. रिझर्व पुढं घाला."

ओढ्यावरून डबे भरून पाणी आणलं. रेडिएटर धुतला, पुन्हा धुतला, लाल पाणी घाटातून ओघळत खाली गेलं. गळती मात्र बंदच राहिली, भोकातली मिरची हलली नाही. १६० जागेवर ठेवला. आता गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पाणी गळू नये म्हणून मधे घालायची चकती. जुनं काढतानाच फाटलं होतं. जाड कागद पाहिजे. जाड कागद एकच होता, भरतीचं पोस्टर. त्यावर हसरा जवान, छाती पुढे काढलेली. शिर्क्यांनी पोस्टर उलगडलं, थोडा वेळ त्या जवानासमोर उभे राहिले, आणि चाकू युसुफच्या हातात दिला.

"तोंडाला हात लावू नगंस. छातीतनं काप."

युसुफने नळीचं कोपर पोस्टरवर ठेवून बरोबर आकार कापला. मधे मोठं भोक, बाजूला बोल्टची दोन. ग्रीस लावलं, बसवलं, नट आवळले, पाणी भरलं.

युसुफ गाडीत बसला. स्टिअरिंग धरलं आणि हळू म्हणाला, "उत्तम, खेचरनं नाव काय ठेवू रे?"

"चाल आते," मी म्हटलं.

ट्रक चढला. पाचवं वळण, सहावं, सातवं. वळणावळणाला थांबून ढक्कनाला हात लावून बघत होतो, गरम, पण उकळी नाही. वर पोहोचलो तेव्हा सगळा सातपुडा पुढे पसरलेला आणि युसुफ मोठमोठ्याने गात होता. साहेबांनी त्याला गप्प केलं नाही.

मोलगीला पोहोचलो तर हाट उठत आला होता. पण उठला नव्हता. म्हातारीची कोंबडी विकून झालेली, ती मीठ घेऊन परत निघालेली. शिर्क्यांनी पोस्टर लावलं. जवान हसतोय आणि छातीत हे एवढं भोक, त्यातून मागचं आभाळ दिसतंय. म्हातारी पोस्टरसमोर थांबली. युसुफला काहीतरी विचारलं. आम्ही विचारलं, काय म्हणते.

"म्हनते, याले गोळी लागनी का."

"तू काय सांगितलंस?"

"सांगं, नही माय, हाऊ गाडीना कामले गया."

त्या दिवशी भरती शून्य. पोस्टर बघून कोण पुढे येणार. लोक आमचे सुजलेले डोळे बघत होते आणि लांबूनच जात होते.

परत निघताना कॅप्टन साहेब ट्रकपाशी आले. युसुफ सावधान. मी शेजारी. शिर्के मागे, तेही सावधान, त्यांना कुणी सांगितलेलं नसताना. मग शिर्केच बोलले. साहेब, खेचर कंपनीचा हुकूम कधीचा धरायचा?

साहेबांनी युसुफकडे बघितलं. त्यांचे डोळे अजून लाल होते.

"नहीं," साहेब म्हणाले. "खच्चर का क्या कसूर?"

आणि पुढे जाऊन बसले. तळोद्यापर्यंत त्यांचे खांदे हलत होते. शिर्के म्हणाले, खोकला असेल. युसुफने नंदुरबारात शिरताच मोटार स्टँडवर ट्रक थांबवला आणि सगळ्या स्टँडला गणपतदादाचा चहा पाजला. त्याच पातेल्यातला. मला त्याने तो जखमी सीनियर दिला. म्हणाला, ठेव, तुन्हा पोऱ्यास्ले दाखाडजो.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही आसामात होतो. तोच ट्रक, तोच १६०, तेच पोस्टरचं गॅस्केट. युसुफ चालवत होता. मला तोवर वेगळा ट्रक मिळाला होता, मी त्याच्या मागे. दारूगोळा पुढे न्यायचा होता. एका वळणावर त्याच्या ट्रकखालचा रस्ता खचला.

दोर लावून मी खाली उतरलो. युसुफ गेला होता. इंजिन पाहिलं. उकळलं नव्हतं. थर्मोस्टॅट नीट होता. वर आलो तेव्हा शिर्के हवालदार पावसात उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "मिरचीचा वास येत व्हता का रं आजून?"

मी म्हटलं, येत होता.

नुसता पेट्रोलचा येत होता.

तर हे आज गफूरचाचांना सांगितलं. गॅस मास्कपाशी ते एवढे हसले की समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. कोंबडीचं तोंड झाकलं तिथे त्यांनी मला हाताने थांबवलं, डोळे पुसले, मग म्हणाले, चाल पुढे. आसामचं त्यांना माहीत होतं. ते मी थोडक्यात सांगितलं. ते उठले, डबी बाकावर ठेवली. मग परत उचलली.

"मंग ती खेचरनी कंपनी कोठे गयी व्हती?"

"कोठेच नही, चाचा. लढाई सरेपावत नाशिकलेच ऱ्हायनी."

त्यांनी मान हलवली. सीनियर थर्मोस्टॅट खिशात घातला, माझ्याकडे न बघता, आणि कल्हईचा भाता उचलून गेले.

मी हे लिहायला बसलो तो अजून उठलेलो नाही. त्या दिवशी आम्ही चहा पाजला होता, सगळ्या स्टँडला, खेचर टळलं म्हणून. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? दोस्ताची एखादी गोष्ट टळली म्हणून तुम्हीही असेच नाचला होतात का? झालं असेल तर मला कळवा.